इकडील सर्व क्षेम

आमच्या घरी परदेशी पत्र लिहिण्याचा वार रविवार होता. दादा मिरजेच्या मेडिकल कॉलेजातून डॉक्टर होऊन १९७२ साली इंग्लंडला गेला, तेव्हा मी तेरा वर्षांची होते. सांगलीत, गावभागात आमचं घर. दुपारची जेवणं आटोपली, बाबा वामकुक्षीला गेले, की आई फडताळातून निळं एरोग्राम काढायची, पाटावर ठेवून तळहातानं सपाट करायची, आणि स्वतः गवारीच्या शेंगा मोडायला घेऊन सांगू लागायची. ‘‘लिही. चिरंजीव दादास अनेक उत्तम आशीर्वाद. विनंती विशेष. इकडील सर्व क्षेम.’’

आईला लिहिता येत नव्हतं असं नाही. चांगली मराठी सातवी झालेली होती. पण तिचं अक्षर टपोरं, गौरीच्या पावलांसारखं. चार ओळींत निम्मा कागद संपायचा. माझं अक्षर मुंग्यांच्या रांगेसारखं. ‘‘तुझ्या अक्षरात जास्त मावतं,’’ एवढीच माझी या कामासाठीची पात्रता. त्या एरोग्रामवर ‘आत काहीही घालू नये’ अशी सूचना छापलेली असे. आईला गणपतीचा अंगारा पाठवायचा असायचा, तुळशीचं पान पाठवायचं असायचं. कायदा तिला मान्य होता. पण शेवटी कागद दुमडण्याआधी ती कुंकवाचं बोट आतल्या कोपऱ्याला टेकवायची आणि म्हणायची, ‘‘हे घातलेलं नाही, लावलेलं आहे.’’

गेल्या वर्षी, म्हणजे २०२४ साली, माझी पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली. वय वर्षे पासष्ट. अडतीस वर्षं बँकेत काढलेल्या बाईनं कादंबरी लिहिली याचं लोकांना नवल वाटतं, आणि मग ठरलेला प्रश्न येतो, ‘‘आधीपासून लिहीत होतात का हो?’’ मी नाही म्हणते. कथा नाही, कविता नाही, बँकेच्या गृहपत्रिकेतसुद्धा कधी चार ओळी छापून आल्या नाहीत. पण हे उत्तर पूर्ण खरं नाही. त्या रविवारच्या दुपारी मी जे शिकले त्याला दुसरं काय म्हणायचं? ‘पाऊस फार झाला’ असं मी लिहिलं की आई थांबवायची. ‘‘फार म्हणजे किती? त्याला कसं दिसणार? कृष्णेचं पाणी घाटाच्या कितव्या पायरीला लागलं ते लिही.’’ शेजारच्या काकूंचं भांडण मी रंगवून लिहू लागले की म्हणायची, ‘‘ते नको. तो तिथं एकटा बसून वाचणार, त्याला वाटेल आपण नसताना बरीच मजा चाललीय.’’ काय घ्यायचं, काय गाळायचं, कुठं थांबायचं. पुढं एका संपादकानं मला हेच सांगायला दोन तास घेतले.

गाळण्याच्या कामात मात्र आई फारच तरबेज होती, आणि तिथंच माझी गोष्ट सुरू होते.

१९७७ च्या मार्चमध्ये बाबांच्या पायांवर सूज दिसू लागली. तपासण्या झाल्या. मूत्रपिंडं निकामी होत चालली होती. त्या काळी सांगलीसारख्या गावात या दुखण्यावर पथ्यपाण्यापलीकडे फारसं काही होण्यासारखं नव्हतं. आता डॉक्टर मुलाला हे कळवायचं की नाही? आईनं एका वाक्यात निकाल लावला. ‘‘तो येऊन काय करणार? उगीच परीक्षा बुडेल.’’ दादाची एफ. आर. सी. एस.ची परीक्षा नोव्हेंबरात होती. त्या रविवारी मी लिहिलं, ‘बाबांची प्रकृती उत्तम आहे.’ पुढच्या रविवारीही लिहिलं. मी अठरा वर्षांची होते, कॉलेजात जात होते. मी काय लिहिते आहे हे मला चांगलं समजत होतं. आठवड्यामागून आठवडे, सात महिने, मुंग्यांच्या रांगेसारख्या सुबक अक्षरात मी खोटं लिहीत राहिले. पत्राच्या शेवटी बाबा स्वतःच्या शाईच्या पेनानं दोन ओळी लिहीत. एप्रिलनंतर ते नुसतेच आशीर्वाद लिहू लागले, आणि जूनपासून नुसती सही.

ऑक्टोबरात तार करावी लागली. दादा मुंबईत उतरून, रात्रीची गाडी पकडून चौथ्या दिवशी घरी पोचला. अग्नी चुलतभावानं दिला होता. दादा रडला नाही, कुणाला काही बोललाही नाही. झोपाळ्यावर बसून त्यानं बाबांच्या तपासण्यांचे कागद मागितले आणि एकेक तारीख बघत गेला. ‘‘मार्च,’’ एवढंच म्हणाला. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं. ‘‘ठमे, अक्षर छान आहे हो तुझं.’’

हे वाक्य मी सेहेचाळीस वर्षं जवळ बाळगलं.

बँकेत मी १९८१ साली लागले. इचलकरंजी, चिपळूण, नगर, मग पुणे. खरं सांगायचं तर बँक मला आवडली. संध्याकाळी कॅश जुळली नाही, एका रुपयाचा फरक आला, तरी सगळी शाखा थांबून राहायची आणि तो रुपया सापडला की पेढे मिळाल्यासारखी खूश व्हायची. न जुळणारी रक्कम तात्पुरती ठेवायला ‘सस्पेन्स’ नावाचं एक खातं असतं. तिथं टाकून रात्री घरी जाता येतं, पण ती नोंद मिटत नाही. तपासनीस आला की सर्वांत आधी तेच खातं उघडतो. माझ्या स्वतःच्या सस्पेन्स खात्यात काय पडून आहे हे मला ठाऊक होतं. तपासनीस बोल्टनला होता, आणि तो काही विचारत नव्हता. त्यानं तिथंच लग्न केलं, घर घेतलं. दर दोन-तीन वर्षांनी यायचा, भडंगाची पाकिटं भरून न्यायचा. प्रेमात काही उणं नव्हतं. फक्त आई गेली तेव्हा, २००४ साली, मी रात्री दोन वाजता फोन केला, तर पहिलं वाक्य म्हणाला, ‘‘कधीपासून आजारी होती?’’ खरोखरच एका दिवसात गेली होती. त्याला ते पटलं की नाही, मला आजही सांगता यायचं नाही.

पुण्यातल्या शाखेत काही वर्षं माझ्याकडे अनिवासी भारतीयांच्या ठेवींचं टेबल होतं. संगणकातल्या वाय-टू-के नावाच्या भानगडीनं शेकडो मराठी मुलं अमेरिकेला नेली, ते दिवस. मुलांची खाती, पण टेबलाशी यायचे आईवडील. एक गृहस्थ दर महिन्याच्या पाच तारखेला पासबुक भरून घ्यायला येत. पैसे कधी काढत नसत. छापून आलेली एक ओळ चष्मा कपाळावर चढवून वाचत, ‘‘आला,’’ म्हणत आणि जात. मला आधी वाटलं, काय पैशाचा लोभ! पुष्कळ दिवसांनी समजलं, पैसे आले म्हणजे मुलगा कामावर जातोय, म्हणजे बरा आहे, एवढंच ते त्या ओळीत वाचत होते. नोव्हेंबरात पेन्शनरांची हयातीच्या दाखल्यासाठी रांग लागे. त्या रांगेत उभे असलेले हेच गृहस्थ एकदा म्हणाले, ‘‘मॅडम, आमचा रविवारचा फोन तसलाच. तो म्हणतो ‘मजेत’, आम्ही म्हणतो ‘मजेत’. हयातीचा दाखला झाला की ठेवतो.’’

मी हसले होते. त्यांच्या जागी आपण बसणार आहोत हे ध्यानीमनी नव्हतं.

आमची लेक २०११ साली शिकायला म्हणून नेदरलँड्सला गेली आणि तिथंच नोकरीला लागली. गावाचं नाव आइंडहोवन. फिलिप्स कंपनीचा जन्म १८९१ साली तिथलाच. म्हणजे ज्या रेडिओवर लहानपणी आम्ही ‘पुन्हा प्रपंच’ ऐकलं, त्याचं हे माहेर. जावई चांगला, २०१५ साली नातू झाला. आणि आता साधनांचा काय सुकाळ! आमच्या वेळी शेजाऱ्यांचा ‘पी. पी.’ नंबर, मग पिवळ्या पाटीचे बूथ आणि लाल आकड्यांचं धावतं मीटर. लेकीच्या वेळी स्काइप. तेही गेल्या मे महिन्यात, २०२५ मध्ये, बंद झालं म्हणे. तार तर २०१३ सालीच गेली. आता खिशातल्या फोनवर नातवाचा चेहरा. तेव्हा पत्राला आठ-दहा दिवस लागत. आता तिच्याकडचं कुकरसुद्धा माझ्या कानात शिटी देतं.

तरी २०१८ साली मी काय केलं, ते ऐका.

आमच्या ह्यांची बायपास ठरली. लेकीची नवी नोकरी, घरात तीन वर्षांचं पोर. मी ह्यांना म्हटलं, ‘‘ती येऊन काय करणार?’’ शब्द तोंडातून बाहेर पडले, आणि ते कुणाचे आहेत हे त्या क्षणी मला आठवलंसुद्धा नाही. अकरा दिवस मी रोज खोटं बोलले. बाबा फिरायला गेलेत. बाबा झोपलेत. बाबांचा घसा बसलाय. बाराव्या दिवशी ह्यांना घरी आणलं, दाढी केली, झब्बा घातला, उशांना टेकवून बसवलं आणि व्हिडिओ लावला. पाच मिनिटं उत्तम गेली. मग नातू म्हणाला, ‘‘आजोबांच्या हाताला काय लावलंय?’’ सलाइनच्या जागेवर चिकटवलेली पट्टी काढायची राहिली होती.

लेक काही बोलली नाही. फोन ठेवला. अर्ध्या तासानं तिनं एकटीनं पुन्हा लावला. ‘‘आई, मामाच्या वेळचं सगळं मला कुणी सांगितलं होतं? तूच ना? मग तू हे कसं केलंस?’’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मूल दूर असलं की त्याला काळजीपासून वाचवावं असं वाटतं, हे खरं. पण त्यात थोडी आपली सोयही असते. त्याची घाबरगुंडी, त्याचे प्रश्न, ‘मी निघते’ आणि मग ‘निघू की नको’, हे सगळं आपल्याला निस्तरावं लागत नाही. ‘सर्व क्षेम’ म्हणून टाकणं त्या मानानं फार सोपं.

पुढच्या वर्षी, जूनअखेर, मी निवृत्त झाले. आम्ही सांगलीच्या घरी राहायला आलो, सामान नीट लागायच्या आत ऑगस्टमधला तो पूर आला. २०१९ चा पूर सांगलीकरांना सांगायला नको. २००५ च्या वर पाणी चढलं. आम्ही विश्रामबागला एका नातेवाइकांच्या वरच्या मजल्यावर होतो. परत आलो तेव्हा माजघरात गुडघाभर चिखल, आणि आईची लोखंडी ट्रंक त्यात बुडालेली. ट्रंकेत दादाची पत्रं. आईनं वर्षावार गठ्ठे बांधून, वरून फडकं गुंडाळून ठेवली होती. गच्चीवर दोऱ्या बांधल्या आणि चिमट्यांनी ती सगळी पत्रं वाळत घातली. बॉलपेननं लिहिलेली वाचली, शाईची निळी होऊन वाहून गेली. आणि १९७७ चा गठ्ठा ट्रंकेच्या तळाला होता. त्याचा पार लगदा झाला होता. पानं सुटी करायला गेले तर बोटांना नुसता कागदाचा चिकट गोळा लागला.

वाळलेली पत्रं मी आठ दिवस वाचत होते. गंमत अशी की ती सारी उत्तरं होती. ‘पाणी अकराव्या पायरीला म्हणजे फारच’, ‘काकूंचं पुढं काय झालं ते कळवा’. आम्ही काय लिहिलं होतं ते त्याच्या उत्तरांवरून ओळखायचं. आमची पत्रं बोल्टनला, बिस्किटांच्या डब्यात. खतावणीची एकच बाजू हातात यावी, तसं. आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेला गेल्या, १८८६ साली डॉक्टर झाल्या, त्यांच्यावर श्री. ज. जोशींनी १९६८ साली ‘आनंदी गोपाळ’ लिहिली, ती आम्ही बहिणी-बहिणींनी कॉलेजात असताना हातातून हिसकावून वाचली होती. समुद्रापलीकडून आलेल्या कागदांत माणसं कशी जिवंत सापडतात हे तेव्हा वाचक म्हणून पाहिलं होतं. आता गच्चीवर दोरीखाली उभं राहून पाहत होते. मला आठवणीच लिहायच्या होत्या. पण सगळ्यांत महत्त्वाच्या वर्षाचे कागद गेलेले. ते वर्ष मनानंच उभं करायला हवं होतं. ती पत्रं वाचता आली असती, तर मी कादंबरीच्या वाटेला गेलेच नसते.

सुरुवात करायला धीर झाला तो मात्र नातवामुळे. मार्च २०२० मध्ये विमानं बंद झाली, नियमित आंतरराष्ट्रीय उड्डाणं सुरू व्हायला मार्च २०२२ उजाडलं. ती दोन वर्षं आम्ही त्याला नुसतं काचेत पाहिलं. तिकडे मुलं संध्याकाळी सातला झोपवतात. आमचे उन्हाळ्यात साडेदहा, हिवाळ्यात साडेअकरा. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं सरकतात, त्यामुळे वर्षातून दोनदा मी हमखास तासभर चुकायचे. रोज रात्री एक गोष्ट. राजाराणी, चिऊकाऊ महिनाभरात संपले. मग मी त्याला माझ्या आईच्या गोष्टी सांगू लागले. एका गावात एक मुलगी होती, ती आपल्या आईसाठी पत्रं लिहायची. ‘‘मग?’’ त्या पत्राच्या आत काही घालायचं नसे. ‘‘का?’’ लबाडी त्याला चालत नसे. काल मुलीच्या फ्रॉकला दोन खिसे होते, आज एक कसा? मी थकून गुंडाळायला लागले की तो म्हणे, ‘‘आजी, तू घाई करतेयस.’’ गोष्ट झाली की मी स्वयंपाकघरात बसून, जे सांगितलं ते फुलस्केप कागदावर उतरवून ठेवायची. कारण उद्या तो पकडणार! अशी एकशेचाळीस पानं झाली तेव्हा ह्यांनी चष्म्यावरून बघत विचारलं, ‘‘हे काय, ताळेबंद?’’

मुलीनं पत्रात खोटं लिहिलं, तो भाग मी नातवाला सांगितला नाही. तो फक्त कागदावर लिहिला. तो लिहायला एक वर्ष गेलं.

दादाला फोनवर म्हटलं, या वयात हे काय आरंभलंय मी. त्यानं पंधरा दिवसांनी एक पुस्तक पाठवून दिलं. पेनेलपी फिट्झजेरल्ड नावाच्या इंग्रज बाईंचं. त्यांची पहिली कादंबरी १९७७ साली आली तेव्हा त्या साठ वर्षांच्या होत्या. दोनच वर्षांनी, १९७९ मध्ये, ‘ऑफशोअर’ या कादंबरीला बुकर पारितोषिक मिळालं. मी साल पाहिलं आणि पुस्तक मिटलं. त्याच्या लक्षात आलं होतं की नाही कोण जाणे. मी काय लिहितेय हे मी त्याला सांगितलंच नव्हतं.

प्रकाशनाच्या हकिकतीत मी वाचकांना फार गुंतवत नाही. तीनशेनव्वद पानं टाइप करून घेतली, ती दुसऱ्या संगणकावर उघडली तर सगळी जोडाक्षरं फुटलेली. ‘कृष्णा’चा ‘क’ एकीकडे आणि ‘ष्ण’ भलतीकडे. लेकीनं आइंडहोवनहून दोन शनिवार-रविवार घालवून युनिकोडात बसवली. एका प्रकाशकानं आठ महिने पोचही दिली नाही. दुसऱ्यानं गोड शब्दांत साठ हजार रुपये भरायला सांगितले. मी जन्मभर कर्जाचे अर्ज तपासले आहेत. परतफेडीची ऐपत कुणात नाही हे मला लगेच कळतं. तिसरे लहान प्रकाशक होते. त्यांच्या संपादकानं नव्वद पानं काढायला लावली, आणि रागाचा पहिला आठवडा ओसरल्यावर ध्यानात आलं, आईनंही हीच पानं काढली असती.

पण छपाईला जाण्याआधी दोन माणसांनी हस्तलिखित वाचावं असं मी ठरवलं होतं.

लेकीनं एका रात्रीत वाचलं. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला, ऑफिसातल्या जिन्यातून. पुढचं तिच्या परवानगीनं लिहिते आहे. ती म्हणाली, ‘‘आई, २०१३ च्या डिसेंबरात एका रविवारी मी तुला कटाची आमटी कशी करायची विचारलं होतं, आठवतं?’’ मला आठवत होतं. तिला स्वयंपाकाची हौस नाही, म्हणून मला अप्रूप वाटलं होतं. मी वीस मिनिटं सांगत होते. ‘‘त्याच्या आदल्या दिवशी मी हॉस्पिटलातून घरी आले होते. तिसरा महिना होता. राहिलं नाही. मला फक्त तुझा आवाज हवा होता, आणि तू काही विचारू नये असं वाटत होतं.’’

वीस मिनिटं. चिंच किती, गूळ किती.

त्या दिवसापासून आमच्या घरात एक नियम आहे. फोन लागला की आधी वाईट बातमी, मग हवापाणी. वाईट नसेल तर ‘वाईट काही नाही’ असं स्पष्ट म्हणायचं. सुरुवातीला हास्यास्पद वाटलं. ह्यांनी तर एकदा गंभीर आवाजात, नळाला पाणी कमी येतं, हे वाईट बातमी म्हणून नोंदवलं. आणखी एक सवय लागली. ठरवून, समोर बसून बोलण्यापेक्षा फोन भिंतीला टेकवून ठेवायचा आणि दोघींनी आपापली भाजी चिरायची. बोललंच पाहिजे असं नाही. अशा वेळीच ती काहीतरी सांगते. तिच्याकडे आम्ही जातो तेव्हा व्हिसा एकशेऐंशी दिवसांत नव्वद दिवसांचा. त्या नव्वद दिवसांतसुद्धा खरं बोलणं होतं ते भांडी विसळतानाच.

दादाला हस्तलिखित छापून, टपालानं पाठवलं. त्याचं वय सत्त्याहत्तर, त्याला पडद्यावर वाचवत नाही. तीन आठवडे काही नाही. रविवारचा फोन व्हायचा. तो हवापाणी बोलायचा, गुडघे बोलायचा. कादंबरीचं नाव काढायचा नाही. मी मनाशी म्हटलं, संपलं. उकरायला नको होतं.

मग एक जाड पाकीट आलं. आत एक निळं एरोग्राम. १९७७ च्या जूनमधलं. माझं अक्षर. ‘इकडील सर्व क्षेम. बाबांची प्रकृती उत्तम आहे.’ कोपऱ्यात कुंकवाचा डाग, आता विटकरी झालेला. खाली बाबांची सही, ओळीवरून घसरून पार कडेला गेलेली. सोबत दादाचं दोन पानी पत्र, थरथरत्या मराठीत. त्यातलं इतकंच सांगते.

‘ठमे, ही सही बघ. मी डॉक्टर होतो. मला हे पत्र हातात पडल्या दिवशी समजलं होतं. त्याच्या आधी एप्रिलमध्येच मी लिहून विचारलं होतं, बाबांच्या दोन ओळी का नाहीत म्हणून. तुम्ही उत्तर दिलंत, सर्व क्षेम. मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. नोव्हेंबरात परीक्षा होती. मला ते उत्तर हवंच होतं. झोपाळ्यावर बसून तुला जे बोललो ते तुला नव्हतं, पण तू लहान होतीस आणि समोर होतीस. तुझ्या कादंबरीतला भाऊ फार भला माणूस आहे. तो मी नव्हे.’

अत्र्यांचं नाटक आठवून मला हसू आलं. मग ते टिकलं नाही.

त्यानं एप्रिलमध्ये विचारलं होतं हे मला माहीतच नव्हतं. त्याची पत्रं आई मोठ्यानं वाचून दाखवायची आणि आम्ही सगळे ऐकायचो. ती ओळ तिनं वाचताना गाळली असणार. ज्या कागदावर ती होती तो तर मी स्वतःच्या हातानं चिखलाबरोबर घमेल्यातून बाहेर टाकला होता.

मी प्रकाशकांना फोन करून दोन महिने मागितले. शेवटची तीन प्रकरणं पुन्हा लिहिली. आधीच्या खर्ड्यात बहीण गुन्हेगार होती, भाऊ फसवलेला, आई हट्टी. एकतर्फी खातं ते; नावे टाकलेलं सगळं दिसत होतं, जमेची बाजू कोरी. आता तिघंही जरा जास्त वाईट झाले आहेत, आणि मला जास्त आवडतात. आईला मी मुळात फार कठोर केलं होतं. नव्या खर्ड्यात ती एका रात्री उठून दादाचं पत्र कंदिलाशी धरून पुन्हा वाचते, एवढं एक पान वाढवलं. हे खरं घडलं की नाही मला माहीत नाही. घडलं असावं.

पुस्तकाची आवृत्ती पाचशे प्रतींची. कादंबरीचं नाव इथं देत नाही, नाहीतर लेखाची जाहिरात होईल आणि आमचे माजी व्यवस्थापक फोन करून हिशेब विचारतील. दादानं वीस प्रती मागवल्या. बोल्टनमध्ये मराठी वाचणारी माणसं त्याच्या ओळखीची फार तर सहा. उरलेल्या चौदा त्यानं कुणाला दिल्या हे तो सांगत नाही.

नातू आता दहा वर्षांचा आहे. शाळेत डच, घरात मराठी, मित्रांशी इंग्रजी. देवनागरी त्याला लेकीनं शिकवली, पण लिहायचा कंटाळा. गेल्या महिन्यात मात्र त्याचं पोस्टकार्ड आलं, खरंखुरं, तिकीट लावलेलं. पुढच्या बाजूला पवनचक्की. मागं मोठ्ठी टपोरी अक्षरं, थेट माझ्या आईच्या वळणाची. चार ओळींत कार्ड भरून गेलं होतं.

‘प्रिय आजीआजोबा, इकडील सर्व क्षेम नाही. माझा दात दुखतो. सायकल चोरीला गेली. आई म्हणते नवीन घेणार नाही. तुम्ही तिला सांगा.’